स्मार्ट मीटर आणि सेन्सर बसवले की शहराची पाणीगळती थांबते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहरभर स्मार्ट मीटर, दाबाचे सेन्सर आणि मोठा नियंत्रण कक्ष उभारला, तर जमिनीखालून वाया जाणारे पाणी खरोखर वाचते का? वाचत असेल, तर काम कुठून सुरू करायचे?

वाचते, पण कामाचा क्रम बरोबर असेल तरच. पुष्कळ ठिकाणी आधी नियंत्रण कक्षातले पडदे लागतात, मग सेन्सर येतात आणि व्हॉल्व्हचे चेंबर उघडून बघायची वेळ सगळ्यात शेवटी येते. काम याच्या अगदी उलट दिशेने व्हायला हवे. कारण समजून घ्यायचे तर गळतीचा हिशेब एकदा आकड्यांत बघावा लागतो.

समजा, एका घराच्या नळजोडणीवर ६ मिलिमीटरचे भोक पडले आहे, म्हणजे पेन्सिलीपेक्षा किंचित बारीक. वाहिनीत ३० मीटर दाब असेल, म्हणजे पाणी ३० मीटर उंच चढवू शकेल इतका, तर त्यातून ताशी साधारण दीड घनमीटर पाणी जाते, म्हणजे दिवसाला सुमारे ३५,००० लिटर. पाणी वर आले नाही, वाळूच्या थरात किंवा शेजारच्या गटारात मुरत राहिले, तर ही गळती शंभर दिवस सहज चालते आणि ३,५०० घनमीटर पाणी निघून जाते. आता मोठी लाइन फुटली असे धरा. ताशी ५० घनमीटर पाणी रस्त्यावर आले, फोन वाजले आणि बारा तासांत दुरुस्ती झाली. गेले ६०० घनमीटर. बातमी दुसऱ्या गळतीची होते, पण जवळजवळ सहापट पाणी पहिलीने नेलेले असते. गळतीचा हिशेब भोकाच्या आकाराइतकाच ती किती दिवस चालली यावरही ठरतो, आणि तंत्रज्ञानाचा खरा उपयोग हे दिवस कमी करण्यात आहे. गळती आहे हे कळायला लागणारा वेळ, ती नेमकी कुठे हे सापडायला लागणारा वेळ आणि खोदून दुरुस्त करायला लागणारा वेळ, असे हे तीन भाग. सेन्सर पहिला भाग कमी करतो, दुसऱ्यात मदत करतो. तिसऱ्यात त्याचा काहीच हात नाही.

म्हणून पहिली पायरी म्हणजे नकाशा आणि व्हॉल्व्ह. कागदावर असलेली प्रत्येक झडप (व्हॉल्व्ह) जागेवर आहे का, चेंबर डांबराखाली गाडले गेले आहे का, स्पिंडल, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवायचा दांडा, फिरते का, हे एकेक करून तपासायचे. व्हॉल्व्ह फिरवताना फेरे मोजायचे आणि ते नोंदवहीत लिहायचे. बंद करायला ३८ फेरे लागले आणि उघडताना ३१ व्या फेऱ्याला स्पिंडल अडले, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही, आणि पुढच्या वस्तीत उद्यापासून दाब कमी पडणार. कुठला व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवल्यावर बंद होतो आणि कुठला डावीकडे, हेही लिहून ठेवावे लागते, कारण एकाच शहरात दोन्ही प्रकार सापडतात. हे काम कंटाळवाणे असते आणि उद्घाटनाच्या भाषणात त्याचा उल्लेख होत नाही. पण पुढचा प्रत्येक आकडा त्याच्यावरच उभा राहतो.

दुसरी पायरी म्हणजे जाळ्याचे मीटरबंद विभाग, म्हणजे आत येणारे पाणी मोजता येईल असे बंदिस्त भाग, पाडणे. साधारण ५०० ते ३,००० जोडण्यांचा एक विभाग घ्यायचा, शक्यतो एकाच ठिकाणाहून पाणी आत येईल असे बघायचे आणि बाकीच्या सगळ्या सीमा झडपा बंद करायच्या. सीमा खरोखर बंद आहे का, हे तपासायची पद्धत सोपी आहे, पण ती टाळली जाते. पाण्याचा वापर कमी असताना, रात्री १ ते ४ च्या दरम्यान, प्रवेशाचा व्हॉल्व्हही बंद करायचा आणि आतल्या तीन-चार ठिकाणी दाबमापक लावून बघत राहायचे. एखाद्या सखल ठिकाणचा नळखांब किंवा वॉशआउट (पाणी सोडून वाहिनी धुण्याची तोटी) थोडा उघडला की दाब शून्याकडे यायला हवा. तो १२ मीटरवर येऊन थांबला, तर शेजारच्या विभागातून पाणी आत येते आहे: एखादी झडप बंद दिसते पण सीटवर बसत नाही, म्हणजे पूर्ण मिटत नाही, किंवा नकाशावर नसलेली एखादी जुनी जोडवाहिनी जिवंत आहे. ही चाचणी पार पडेपर्यंत त्या विभागाच्या मीटरचा कुठलाही आकडा गृहीत धरू नये. एक खबरदारी मात्र हवी. सीमा बंद केल्यावर वाहिन्यांना बंद टोके तयार होतात, तिथे पाणी साचून क्लोरीन उतरतो. अशा टोकांना वॉशआउट ठेवून ते ठरावीक दिवशी सोडावे लागते.

प्रवेशावर शक्यतो विद्युतचुंबकीय मीटर लावा. त्याला फिरणारे भाग नसतात आणि त्याच्यामुळे दाब जवळजवळ पडत नाही. पण बसवताना तीन चुका हमखास होतात. पहिली, बेंड किंवा व्हॉल्व्हच्या लगेच पुढे मीटर बसवणे. वरच्या बाजूला वाहिनीच्या व्यासाच्या किमान पाच पट आणि खाली दोन-तीन पट सरळ नळी हवी, नाहीतर प्रवाह पिळलेला येतो आणि मीटर चुकते. दुसरी, वाहिनीच्या सर्वात उंच भागात मीटर ठेवणे, जिथे हवा साठते. नळी पूर्ण भरलेली नसेल, तर वाचन निरर्थक ठरते. तिसरी, प्लास्टिकच्या वाहिनीवर अर्थिंग रिंगशिवाय (पाण्याला विद्युत भूजोडणी देणाऱ्या धातूच्या कड्याशिवाय) मीटर लावणे. मग आकडा उगाचच नाचतो आणि दोष मीटरला जातो. मीटरचा व्यास वाहिनीवरून ठरवू नका, रात्रीच्या किमान प्रवाहावरून ठरवा. नेमका तोच प्रवाह अचूक मोजायचा आहे.

कारण गळती दिसते ती रात्री. दोन ते चारच्या दरम्यान बहुतेक नळ बंद असतात, दाब सर्वात जास्त असतो, आणि त्या वेळी विभागात जे पाणी शिरते त्यातले बरेचसे गळतीचेच असते. उदाहरण घेऊ. १,५०० जोडण्या, १० किलोमीटर वाहिनी, रात्रीचा किमान प्रवाह ताशी १८ घनमीटर. रात्रीचा खरा वापर जोडणीमागे ताशी २ लिटर धरला, तर तो ३ घनमीटर होतो. उरलेले १५ घनमीटर गळतीचे. दिवसा दाब उतरतो आणि गळतीही थोडी कमी होते, म्हणून २४ ऐवजी २० ने गुणू. दिवसाला ३०० घनमीटर निघतात. आता हे जास्त की कमी, हे टक्केवारीवरून ठरवू नका. वापर वाढला की गळती तेवढीच राहूनही टक्का घसरतो आणि काम झाल्यासारखे वाटते. त्याऐवजी आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरले जाणारे एक सूत्र आहे: वाहिनीच्या दर किलोमीटरला १८ लिटर, अधिक दर जोडणीला ०.८ लिटर, आणि या बेरजेला सरासरी दाब जितके मीटर असेल तितक्याने गुणायचे, म्हणजे दिवसाची गळती येते. मीटर घराच्या हद्दीपाशीच असेल, तर एवढे पुरते. आपल्या उदाहरणात २५ मीटर दाबाला हे दिवसाला सुमारे ३४.५ घनमीटर येते. उत्तम राखलेल्या जाळ्यातही एवढी गळती राहतेच. आपली त्याच्या जवळजवळ नऊपट आहे, तेव्हा या विभागात माणसे पाठवायला हरकत नाही. लहान विभागासाठी हा आकडा ढोबळ असतो, पण दहा विभागांतून आधी कुठला घ्यायचा हे ठरवायला चांगला उपयोगी पडतो.

जिथे गच्चीवर टाक्या आहेत, तिथे रात्रीच्या आकड्याची फसगत होते. टाक्या रात्रभर भरत राहतात आणि ते पाणी गळती समजले जाते. अशा ठिकाणी टाक्या भरल्यानंतर प्रवाहाने तळ गाठलेला तास शोधावा, किंवा पाच-पन्नास घरांच्या मीटरची रात्रीची वाचने घेऊन खरा वापर काढावा. पाणी चोवीस तास नसून ठरावीक वेळीच सोडले जात असेल, तर अडचण आणखी खोल आहे. रिकाम्या वाहिनीत पाणी शिरताना हवा पुढे ढकलली जाते आणि यांत्रिक मीटर हवेवरही फिरते. पाणी बंद झाल्यावर वाहिनीत पोकळी तयार होते आणि त्याच भोकांतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. रात्रीचा किमान प्रवाह तिथे मोजताच येत नाही. एका विभागापुरता दोन-तीन दिवस सलग पुरवठा ठेवून, सगळ्या टाक्या भरू देऊन, मग रात्रीचे मोजमाप घ्यावे. शहराचा उरलेला पैसा सेन्सरवर घालण्याआधी तो एक-एक विभाग चोवीस तासांवर आणण्यात घालावा, असे माझे ठाम मत आहे.

दाबाचे नियंत्रण हा या सगळ्यातला सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात लवकर फळ देणारा भाग आहे. दाब ४० वरून ३० मीटरवर आणला, तर लोखंडी वाहिनीतल्या गोल भोकातून जाणारे पाणी साधारण १३ टक्के कमी होते. प्लास्टिकच्या वाहिनीतली लांबट चीर दाबाने उघडते आणि दाब उतरला की मिटते, म्हणून तिथे ३५ टक्क्यांपर्यंत घट मिळते. मिश्र जाळ्यात दाब जितके टक्के उतरला, गळती साधारण तितकेच टक्के उतरते असे धरून चालावे. शिवाय नव्याने फुटण्याचे प्रमाणही घटते. यासाठी प्रवेशावर दाब कमी करणारी झडप लावतात आणि विभागातल्या सर्वात कमी दाबाच्या ठिकाणी एक लॉगर, म्हणजे वाचने आपोआप नोंदवत राहणारे उपकरण, ठेवतात. दाब एकदम उतरवू नका. दोन-तीन मीटरची एक पायरी, मग दोन-तीन दिवस त्या टोकाच्या लॉगरवर नजर, मग पुढची पायरी. आग विझवायला लागणारा प्रवाह आधी ठरवून त्याच्या खाली जायचे नाही.

ही झडप बिघडते ती बहुधा दोन कारणांनी. पायलटच्या, म्हणजे मुख्य झडप चालवणाऱ्या छोट्या नियंत्रक झडपेच्या, बारीक नळीतली जाळी गाळाने तुंबते, आणि मग झडप एक तर उघडीच राहते किंवा बंदच होते. म्हणून झडपेच्या आधी गाळणी, देखभालीच्या वेळी पुरवठा चालू राहावा म्हणून बायपास, आणि महिन्यातून एकदा जाळी धुणे. दुसरे कारण म्हणजे आकार. १५० मिलिमीटरच्या वाहिनीवर १५० चीच झडप लावली, तर रात्रीच्या अल्प प्रवाहाला ती सीटजवळ थरथरू लागते, दाब सतत वरखाली होतो आणि तीच थरथर पुढच्या जुन्या सांध्यांना खिळखिळे करते. बहुतेक वेळा एक आकार लहान झडप योग्य ठरते.

दाबाचे लॉगर दर पंधरा मिनिटांनी एक वाचन घेत असतील, तर पाण्याचा आघात त्यांना दिसतच नाही. पंप अचानक बंद पडला किंवा कोणी व्हॉल्व्ह झटक्यात मिटला, की सेकंदाला एक मीटर वेगाने चाललेले पाणी थबकते आणि लोखंडी वाहिनीत सुमारे १०० मीटर दाबाची लाट उठते. ती काही सेकंदांत विरते. एकाच भागात लाइन वारंवार फुटत असेल, तर आठवडाभर सेकंदाला शंभरहून अधिक वाचने घेणारा लॉगर तिथे लावून बघा. पुष्कळदा उत्तर पंपघरात सापडते आणि खोदकाम वाचते.

गळतीची जागा शोधण्यासाठी आवाज ऐकावा लागतो. आवाजाचे लॉगर व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर चुंबकाने बसतात आणि मध्यरात्रीनंतर ऐकतात. सतत, न थांबणारा सूं आवाज म्हणजे संशय. मग दोन बाजूंना दोन संवेदक लावून तोच आवाज कुठे आधी पोहोचतो याच्या फरकावरून अंतर काढतात. समजा, दोन व्हॉल्व्हमध्ये १२० मीटर अंतर आहे, आवाज एका बाजूला ३२ मिलिसेकंद आधी पोहोचला, आणि बिडाच्या वाहिनीत ध्वनीचा वेग सेकंदाला १,२५० मीटर धरला. वेग गुणिले फरक ४० मीटर. १२० मधून ४० वजा करून निम्मे केले की गळती जवळच्या संवेदकापासून ४० मीटरवर निघते. आता हीच वाहिनी प्रत्यक्षात प्लास्टिकची असेल, तर वेग सुमारे ४५० मीटर आणि उत्तर जवळजवळ ५३ मीटर येते. खड्डा १३ मीटर चुकला. मध्येच एखादा तुकडा बदललेला असेल आणि नकाशावर त्याची नोंद नसेल, तर उत्तम यंत्रही चुकीच्या जागी खोदायला लावते. प्लास्टिकमध्ये आवाज लवकर मरतो, धातूत शंभर-दीडशे मीटरवर ऐकू येणारी गळती इथे थोड्याच अंतरावर हरवते. त्यामुळे संवेदक जवळजवळ लावावे लागतात, किंवा पाण्यातच सोडायचा हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) वापरावा लागतो.

आता घरांचे स्मार्ट मीटर. प्रसिद्धी त्यांनाच सर्वाधिक मिळते, पण रस्त्याखालची गळती ते थेट दाखवत नाहीत. ते विभागाच्या हिशेबाची दुसरी बाजू भरतात: आत आलेले पाणी वजा घरांनी घेतलेले पाणी. निविदेत मीटरचा आर आकडा नीट वाचा, म्हणजे मीटर सतत पेलू शकतो तो कायम प्रवाह, तो अचूक मोजू शकणाऱ्या किमान प्रवाहाच्या किती पट आहे. १५ मिलिमीटरच्या मीटरचा कायम प्रवाह ताशी २.५ घनमीटर असेल आणि आर ८० असेल, तर ताशी ३१ लिटरच्या खाली अचूकतेची हमी नाही. आर ४०० असेल, तर ही मर्यादा सुमारे ६ लिटरवर येते. टाकी भरत आली की तरंगता चेंडू नळ हळूहळू मिटवतो आणि शेवटचा अर्धा तास बारीक धार चालू राहते. आर ८० च्या मीटरवर ती धार बहुतांशी फुकट जाते. टाक्यांच्या शहरात स्वस्त मीटर म्हणूनच महाग पडते. बसवण्यापूर्वी नळी धुऊन घ्या, यांत्रिक मीटर आडवेच ठेवा. अल्ट्रासॉनिक असेल, तर नळी कायम भरलेली राहील अशी जागा बघा. आणि सगळ्या उपकरणांची घड्याळे एकाच वेळेला लावलेली हवीत. विभागाचे मीटर आणि घरांची मीटरे यांच्यात वीस मिनिटांचा फरक असला, तरी रात्रीचा ताळेबंद बसत नाही.

घरमालकाला मात्र या मीटरचा थेट फायदा आहे. चोवीस तासांत एकही तास शून्य वाचन नसेल, तर घरातच कुठेतरी पाणी चालू आहे, बहुतेक वेळा फ्लशच्या टाकीत. हा इशारा तीन दिवसांच्या आत त्याच्यापर्यंत पोहोचायला हवा, महिन्याच्या बिलासोबत नव्हे. तासागणिक वाचनांवरून घर रिकामे आहे की भरलेले हेही कळते, म्हणून ही माहिती कोण पाहू शकतो याची यादी लहान आणि लेखी असावी.

बॅटरी दहा-पंधरा वर्षे टिकेल असे सांगितले जाते, पण ते चांगल्या सिग्नलवर. बिडाच्या झाकणाखाली, पाणी भरलेल्या चेंबरमध्ये रेडिओला पोहोचता येत नाही. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि बॅटरी काही वर्षांतच संपते. खरेदीपूर्वी सर्वात वाईट पन्नास चेंबर निवडा, झाकण लावून, पाणी भरून, पंधरा दिवस संदेश येतात का ते बघा. वाचन तासाला, पण पाठवणे दिवसातून एकदा, एवढे पुरते. मोबाइल नेटवर्क कायम राहील असेही धरू नका. एटी अँड टीने १ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेतले टूजी बंद केले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या बसगाड्यांतली जुनी उपकरणे गप्प झाली आणि थांब्यांवर गाडीची वेळ दाखवणारी व्यवस्था कोलमडली. करारात रेडिओचा भाग वेगळा बदलता येईल अशी अट हवी, कच्ची माहिती आणि मीटरची माहिती उलगडणाऱ्या सांकेतिक किल्ल्या शहराच्या ताब्यात हव्यात.

नियंत्रण कक्षाबद्दल दोनच गोष्टी. संगणकातले जाळ्याचे प्रारूप, ज्यासाठी १९९३ पासून मोफत मिळणारे इपानेट हे सॉफ्टवेअर आजही पुरते, ३० मीटर दाब सांगते आणि जागेवर १८ निघतात, तेव्हा वाहिनीचा खडबडीतपणा वाढवून आकडे जुळवण्याचा मोह होतो. तो टाळा आणि आधी अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह शोधा. दुसरी गोष्ट सुरक्षेची. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधील मारूची इथे २००० साली यंत्रणेची माहिती असलेल्या एका माणसाने रेडिओवरून आज्ञा पाठवून सांडपाण्याचे पंप बिघडवले आणि सुमारे ८ लाख लिटर मैला उद्याने-ओढ्यांत गेला. काम संपलेल्या कंत्राटदाराचे पासवर्ड त्याच दिवशी बंद करणे आणि प्रत्येक पंपावर हाताने चालवायचा स्विच राखणे, एवढे तरी व्हायलाच हवे.

क्रमाचे महत्त्व दाखवणारी दोन शहरे आहेत. कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, १९९३ साली ७२ टक्के पाणी हिशेबात येत नव्हते. २००८ पर्यंत तो आकडा सुमारे ६ टक्क्यांवर आला. त्यामागे जुन्या वाहिन्या बदलणे, प्रत्येक ग्राहकाला मीटर, वसुलीची शिस्त आणि गळती शोधणारी तत्पर पथके होती. टोकियोची गळती सुमारे ३ टक्के आहे, आणि त्यात शिशाच्या जुन्या नळजोडण्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्याचा मोठा वाटा आहे. गळतीची बहुतेक ठिकाणे मुख्य वाहिनीवर नसून फेरूलपासून (मुख्य वाहिनीला घराची नळी जोडणाऱ्या तोटीपासून) मीटरपर्यंतच्या त्या काही मीटर नळीत असतात.

म्हणून दुरुस्तीच्या वेळी भोकावर पट्टी बांधून मोकळे होऊ नका. नळीला पाच वर्षांत दुसऱ्यांदा गळती लागली असेल, तर फेरूलपासून मीटरपर्यंतचा पूर्ण तुकडा बदला. खड्डा बुजवण्याआधी नळीचा प्रकार, खोली, बिघाडाचे कारण आणि छायाचित्र नकाशावर चढवा. बाहेर काढलेला तुकडा चिठ्ठी बांधून ठेवा, गंज आतून आहे की बाहेरून हे त्यावरून कळते. त्याच रात्री विभागाचा किमान प्रवाह बघा. ताशी दीड घनमीटरची गळती बंद केली असेल, तर आकडा साधारण तेवढाच खाली यायला हवा. तो तेवढा उतरला नाही, तर बहुधा एक गळती मिटल्याने वाढलेल्या दाबाने शेजारची दुसरी मोठी केली आहे. पथकाने पुन्हा त्याच रस्त्यावर, पुढच्या व्हॉल्व्हपासून ऐकायला सुरुवात करावी.